बारबेल स्क्वाट: रॉडपासून पावडरपर्यंत, मोजूनमापून

'शंभरचा स्क्वाट मारतो', म्हणजे पाठीवर शंभर किलोचा रॉड घेऊन खाली बसून उठतो, असं कोणी सांगितलं की दोन गोष्टी विचाराव्यात. रॉड धरून शंभर की रॉड सोडून? आणि बसतो कुठपर्यंत? आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये रॉड कधी काट्यावर चढलेलाच नसतो, आणि वजन वाढत जातं तशी बैठक वर वर सरकत जाते. आकडा वाढतो, पाय तेवढेच राहतात. म्हणून इथे सगळं मोजमापाच्या अंगानं सांगितलं आहे: रॉड किती किलोचा, तो ठेवायचे हुक किती उंचीवर, बसायचं किती, वाढवायचं किती आणि शेवटी चमच्यात पावडर किती ग्रॅम.

रॉड आणि प्लेटा

ऑलिंपिक रॉड २० किलोचा आणि २.२ मीटर लांब. टोकाच्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि मधल्या दांड्यापासून सुट्या फिरणाऱ्या. महिलांच्या वेटलिफ्टिंगचा रॉड १५ किलोचा, २.०१ मीटर लांब आणि मुठीला बारीक, २५ मिलिमीटर. पुरुषांचा वेटलिफ्टिंगचा रॉड २८ मिलिमीटर जाड, थोडा लवणारा. पॉवरलिफ्टिंगचा साधारण २९ आणि ताठ. स्क्वाटला ताठ रॉड बरा, कारण वर येताना प्लेटा झुलत नाहीत. दांड्याच्या मध्यावर खरबरीत पट्टा असलेला मिळाला तर तोच घ्या. घामेजलेल्या टी-शर्टवरून घसरत नाही. मुठीच्या जागी जी गोल खूण असते, त्या दोन खुणांमधलं अंतर पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर ८१ सेंटिमीटर, वेटलिफ्टिंगच्या रॉडवर ९१. जिम बदलल्यावर पकड अचानक चुकल्यासारखी वाटली तर कारण बहुधा हेच.

घरगुती सेटबरोबर येतो तो एक इंची रॉड वेगळा प्रकार आहे. टोकाला आटे, त्यावर फिरवायचे नट, टोकं सुटी फिरत नाहीत, वजन सहा ते दहा किलोंच्या दरम्यान काहीही. शिकायला हरकत नाही, पण भारी वजनाला तो वाकतो, आणि एकदा वाकलेला रॉड पाठीवर आपोआप एका बाजूला वळू पाहतो. शिवाय पाच फुटी रॉड रॅकच्या, म्हणजे रॉड हुकांवर ठेवायच्या सांगाड्याच्या, दोन खांबांवर बसतच नाही. ऑलिंपिक रॉडवर दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांमध्ये १३१ सेंटिमीटर जागा असते आणि रॅक तेवढ्या मापानं बनवलेले असतात. रॉड आणि रॅक वेगवेगळ्या दुकानांतून घेणार असाल तर टेप घेऊन जा.

वजन करायची सोपी रीत: बाथरूमच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा, मग रॉड छातीशी धरून. फरक तो रॉड. प्लेटा एकेक करून किराणा दुकानाच्या काट्यावर टाका. लोकल ओतीव प्लेटांत २० च्या नावाखाली १९ किंवा साडेवीस निघणं नवीन नाही. खरं वजन मागच्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावा, म्हणजे डावी-उजवीकडे किलोभराचा झोल राहत नाही. स्पर्धेच्या प्लेटा रंगावरून ओळखता येतात: २५ लाल, २० निळी, १५ पिवळी, १० हिरवी, मोठ्या प्लेटेचा व्यास ४५० मिलिमीटर. स्क्वाटसाठी महागड्या रबरी बंपर प्लेटांची गरज नाही, कारण वजन वरून टाकायचं नसतं. गरज असते ती सव्वा किलोच्या जोडीची. ती नसेल तर वाढीची सगळ्यात लहान पायरी पाच किलोंची होते आणि बहुतेकांची गाडी दोन महिन्यांत तिथेच अडकते.

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत रॉडवर पावसाळाभर तांबूस थर चढतो. घाम आणि हाताला लावलेला चॉक खाचांत बसून ओल धरतात. नायलॉनच्या ब्रशनं कोरडं घासा, शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन पातळ फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तेल राहिलं तर पुढच्या दिवशी रॉड हातातून निसटेल.

रॅक: पैसे आधी इथे

बजेट तुटपुंजं असेल तर रॉड साधा घ्या, बूट नंतर घ्या, पण आडवे सेफ्टी बार नसलेला रॅक घेऊ नका. नुसते दोन सुटे स्टँड म्हणजे अडकलात की वजन तुमच्याच अंगावर. चार खांबांचा पिंजरा उत्तम. सेफ्टी आर्म असलेला हाफ रॅकही चालतो. स्मिथ मशिन हा पर्याय नव्हे. त्यात रॉड रुळावरून ठरलेल्या रेषेत जातो, तोल सांभाळायचं काम मशिन करतं, आणि तिथला आकडा मोकळ्या रॉडवर आणला की पाय लटपटतात.

हुकाची उंची छातीच्या मधल्या हाडाच्या मध्यावर. रॉडखाली शिरल्यावर गुडघे थोडे वाकलेले असावेत आणि नुसतं सरळ उभं राहिल्यानं रॉड पाच-सात सेंटिमीटर उचलला जावा. हुक उंच असेल तर काढताना चवड्यांवर उभं राहावं लागतं. काढताना ते जमतं. पाच रिपनंतर (रिप म्हणजे एकदा बसून उठणं) थकलेल्या पायांनी परत ठेवताना जमत नाही, आणि रॅकमधले बरेच अपघात तिथेच होतात. दोन भोकांमधली निवड असेल तर खालचं घ्या.

सेफ्टी बारची उंची अशी ठरवा: रिकामा रॉड घेऊन पूर्ण खाली बसा, कोणाला तरी रॉडची उंची पाहायला सांगा, आणि बार त्याच्या तीन-चार सेंटिमीटर खाली लावा. भोकं लांब लांब असतील आणि वरचं भोक लावल्यावर रॉड आधीच टेकत असेल तर पायाखाली रबरी मॅट किंवा प्लाय टाकून स्वतः उंच व्हा. मग ३०-४० किलोंवर एकदा मुद्दाम अडका. खाली बसा, छाती न टाकता सावकाश आणखी खाली जा, रॉड बारवर टेकला की पुढून रांगत बाहेर या. ही तालीम एकदा झालेली असली की भारी वजनाची भीती निम्मी कमी होते. मदतीला मागे उभा राहणारा दोस्त काखेतून हात घालून उचलतो ते दिसायला छान दिसतं, पण ८० किलोंच्या पुढे एकट्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. सेफ्टी बार मात्र मोबाइल बघत बसत नाहीत.

घरात लावायचा असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन मीटर रुंदी हवी, नाहीतर प्लेट चढवायला हात जात नाही. खाली १५ ते २० मिलिमीटरची कडक रबरी मॅट. योगासनांची मऊ मॅट नको. फ्लॅटच्या स्लॅबची काळजी अनेकांना असते. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या जमिनीवर साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापरभार धरून आखणी होते. रॅक, वजनं आणि माणूस मिळून ३५० किलो झाले तरी ते १८ मिलिमीटरच्या प्लायवरून दोन-तीन चौरस मीटरवर पसरतात. भिंतीच्या किंवा बीमच्या जवळ रॅक ठेवा. गॅलरीत नको, आणि गळक्या, तडे गेलेल्या जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

प्लेटा काढताना एक बाजू पूर्ण रिकामी करू नका. रॉड रॅकवर असला तरी तराजूसारखा उलटतो आणि रिकामं टोक शेजारच्याच्या हनुवटीला लागतं. एक इकडची, एक तिकडची, याच क्रमानं.

बूट, पट्टा, नी-स्लीव्ह

धावण्याचे बूट स्क्वाटला सगळ्यात वाईट. फोम दबतो, टाच डावी-उजवीकडे डुलते. त्यापेक्षा सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट, कुस्तीचे बूट किंवा जिम परवानगी देत असेल तर अनवाणी बरं. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच कडक आणि साधारण २० मिलिमीटर उंच असते. घोटा कमी वाकणाऱ्यांना त्याचा लगेच फायदा दिसतो.

पट्टा १० सेंटिमीटर रुंद, मागे-पुढे सारखाच. मागे रुंद आणि पुढे निमुळता पट्टा कामाचा नाही, कारण पोटानं दाबायचं असतं ते पुढे. जाडी १० मिलिमीटर पुरे. स्पर्धेत १३ पर्यंत चालते. सुरुवातीचे तीन-चार महिने पट्ट्याशिवाय काढा, पोट कसायला शिका. सात मिलिमीटरच्या निओप्रिन नी-स्लीव्हनं गुडघे गरम राहतात. गुडघ्याला करकचून गुंडाळायच्या पट्ट्या ही वेगळी गोष्ट. त्या वजन उचलायला मदत करतात, नवशिक्याला त्यांचं काम नाही.

आणि तो रॉडवर चढवायचा गोल फोमचा पॅड. काढून ठेवा. त्यानं रॉड मानेच्या वर चढतो आणि गरगरतो.

रॉडखाली शिरताना

स्क्वाट बिघडतो तो बहुतेक वेळा खाली जाण्याआधीच, रॅकपाशी.

दोन्ही हात रॉडवर खुणांपासून सारख्या अंतरावर ठेवा. खांदे देतील तेवढी पकड जवळ घ्या, म्हणजे पाठीचे वरचे स्नायू गोळा होऊन रॉडला गादी मिळते. दोन्ही पाय रॉडच्या बरोबर खाली आणून शिरा. एक पाय पुढे एक मागे ठेवून वजन काढायची सवय अनेकांना असते, त्यात कंबर तिरकी होते.

रॉड ठेवायच्या जागा दोन. हाय-बारमध्ये मान पुढे झुकवल्यावर मुळाशी जे हाड बोटाला लागतं त्याच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. लो-बारमध्ये त्याच्याही चार-पाच सेंटिमीटर खाली, फऱ्याच्या हाडाची जी आडवी कडा हाताला लागते तिच्या खालोखाल. हाय-बारला धड जास्त सरळ राहतं, गुडघे पुढे जातात, मांडीच्या पुढच्या भागावर ताण येतो. वेटलिफ्टर हाच करतात. लो-बारला धड पुढे झुकतं, कुल्ले आणि मांडीची मागची बाजू जास्त कामाला लागते, आणि बहुतेकांना थोडं जास्त वजन जमतं. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवणारा सांगलीचा संकेत सरगर ज्या खेळात, म्हणजे वेटलिफ्टिंगमध्ये, उतरला त्यात स्क्वाट हा स्पर्धेचा भाग नाही, सरावाचा आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र स्क्वाट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हीच स्पर्धा. तुम्हाला दोन्हींपैकी काहीच करायचं नसेल तर हाय-बारनं सुरुवात करा. शिकायला सोपा आणि खांद्याला सुसह्य.

मनगट सरळ ठेवा, मागे मोडू देऊ नका. वजन पाठीवर असतं, हातांवर नाही. लो-बारला कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर मनगट मोडलंय किंवा पकड फार जवळ घेतलीय.

आता दम भरा, पोट कसा, उभे राहा. रॉड हुकांवरून पूर्ण सुटू द्या, क्षणभर थांबा, मग एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे, तिसरं फक्त पाय नीट करायला. पाच-सहा पावलं मागे चालत जाणं म्हणजे पहिल्या रिपआधीच दम घालवणं. टाचा खांद्यांइतक्या अंतरावर, चवडे साधारण ३० अंश बाहेर. तळव्याच्या तीन जागी भार जाणवला पाहिजे: टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ.

खाली आणि वर

तालमीतल्या बैठका काढलेल्या असतील तर पायांत ताकद आहे, पण सवय उलटी आहे. बैठकेत टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, हात झुलवून लय धरतात. पाठीवर रॉड असताना टाच उचलली की तोल पुढे गेलाच. टाच जमिनीला चिकटलेली हवी.

प्रत्येक रिपआधी वर उभं असतानाच पोटात, बरगड्यांच्या खालच्या भागात दम भरा. छाती फुगवून खांदे उचलणं म्हणजे दम भरणं नव्हे. कोणी पोटावर बुक्की मारणार आहे अशा बेतानं पोट कसा आणि दम धरून ठेवा. मग कुल्ले आणि गुडघे एकाच वेळी सोडा. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं बाहेर जात राहिले पाहिजेत. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ नये असं जुने उस्ताद सांगतात. लांब मांड्यांच्या माणसाला ते पाळून खाली बसताच येत नाही, आणि निरोगी गुडघ्याला थोडं पुढे गेल्यानं काही होत नाही. पाहायचं ते एवढंच की रॉड बाजूनं पाहिल्यावर तळव्याच्या मध्यावरून सरळ खाली-वर जातो का.

खाली कुठवर? मांडी आणि धड जिथे दुमडतं ती खुब्याची घडी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेली पाहिजे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगचा नियम हाच. आरशात समोरून हे कळत नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर, बाजूला थोडा तिरका ठेवून शूट करा. मान आरशाकडे वळवू नका. नजर समोर किंवा दीड-दोन मीटर पुढच्या जमिनीवर एका जागी खिळवा.

खाली जायला साधारण दोन सेकंद. तळाशी सैल पडू नका, आदळूही नका. वर येताना कुल्ले आणि छाती एकाच वेगानं उठली पाहिजेत. मध्यावर, मांडी जमिनीला समांतर झाली की थोडं वर, जिथे सगळ्यात जड लागतं तिथे दम सोडायचा मोह होतो. सोडू नका, ती जागा पार झाल्यावर सोडा. उच्च रक्तदाब, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर असा दम कोंडून वजन उचलण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो.

शेवटच्या रिपनंतर पुढे चालत जा, रॉड दोन्ही खांबांना टेकला याची खात्री करा आणि मग गुडघे वाकवून हुकात बसवा. हुक शोधत मान वळवू नका. खांब लागले की हुक खालीच असतात.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर येताना कुल्ले आधी उठतात, छाती मागे राहते आणि स्क्वाटचं रूपांतर कमरेच्या व्यायामात होतं. कारणं दोन. एकतर खाली जाताना भार चवड्यांवर गेलेला असतो, किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूंना ते वजन झेपत नाही म्हणून शरीर काम कमरेकडे ढकलतं. पहिल्यावर उपाय: तळाशी दोन सेकंद थांबून केलेले स्क्वाट, नेहमीच्या वजनाच्या ६० ते ७० टक्क्यांवर. दुसऱ्यावर उपाय: वजन १० टक्के कमी करून पुन्हा चढत येणं. 'पाठ सरळ ठेव' असं ओरडून यातलं काहीच सुटत नाही.

गुडघे आत येतात ते बहुधा वर उठण्याच्या पहिल्या झटक्यात. पायाची कमान कोसळली की गुडघा मागोमाग येतो, म्हणून नुसतं 'गुडघे बाहेर' म्हणण्यापेक्षा अंगठ्यानं जमीन दाबून तळवा पसरायला सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं. पाय फार रुंद ठेवलेले असले तरी हेच होतं.

टाचा उठत असतील तर घोटा तपासा. भिंतीकडे तोंड करा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर टाच उंच असलेले बूट घ्या आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करा. टाचेखाली सव्वा किलोच्या प्लेटा ठेवणं हलक्या वजनाला ठीक, भारी वजनाला त्या सटकतात.

तळाशी कंबर थोडी गोल होणं बऱ्याच जणांच्या बाबतीत खुब्याच्या हाडाच्या ठेवणीमुळे होतं आणि त्यात काही वावगं नाही. मात्र व्हिडिओत कंबर ठळक दुमडताना दिसली तर पाय थोडे रुंद घ्या, चवडे आणखी बाहेर वळवा आणि ती दुमड सुरू होते त्याच्या जरा वरती थांबा. दुखणं दोन प्रकारचं असतं: मांड्या भरून येणं, जे चालायचंच, आणि गुडघ्यात किंवा कमरेत सुईसारखी कळ किंवा पायात खाली उतरणारी मुंगी. दुसऱ्या प्रकारावर सेट, म्हणजे सलग चाललेल्या रिप, तिथेच थांबवा.

किती वजन, किती वाढ

पहिल्या दिवशी रिकामा रॉड. तोही जड वाटला तर छातीशी आठ-दहा किलोचा डंबेल धरून बसायला शिका. खोली आणि टाच जमली की पाच रिपचे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, आणि दर वेळी अडीच किलो वाढ. हलक्या अंगाच्या व्यक्तींनी आणि पन्नाशीपुढच्यांनी अडीचऐवजी सव्वा ते दीड किलो वाढवली तरी वर्षअखेर ते पुढेच असतात. मांड्या दुखतात म्हणून पुढचा दिवस चुकवायचा नाही. वॉर्म-अप झाल्यावर निम्मं दुखणं जातं.

आजचं वजन ६० किलो असेल तर वॉर्म-अप असा: रिकामा रॉड पाच-पाचचे दोन सेट, ३५ किलो पाच, ४५ किलो तीन, ५२.५ किलो दोन, मग ६० चे पाच-पाच-पाच. मोठ्या सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती. दीड मिनिटात पुन्हा रॉडखाली शिरणाऱ्यांचा तिसरा सेट ताकदीअभावी नाही, दमाअभावी पडतो.

रिप पूर्ण झाली नाही तर पुढच्या वेळी तेच वजन. तीन वेळा तिथेच अडकलात तर १० टक्के खाली उतरा आणि पुन्हा चढा. व्हिडिओ बघितल्यावर अनेकदा कळतं की वजन अडलेलं नाही, बैठक आधीच अर्धी झाली होती.

डब्यातली पावडर

आधी ताटाचा हिशेब. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या माणसाला किमान ११२ ग्रॅम. शाकाहारी घरातला दिवस धरा: अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, कोरडे ५० ग्रॅम सोया चंक २६, १०० ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट वरण १३, चार चपात्या १२, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५. झाले ९७. यात एक चमचा व्हे, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांची पावडर, घातला की १२१. व्हेचं काम एवढंच, उरलेली फट भरणं. चार अंडी खाणाऱ्याची किंवा जेवणात रोज चिकन-मासळी असलेल्याची ती फट बहुधा नसतेच. उलट सोया, पनीर वगळून वरणभातावर भागवणाऱ्याची फट एका चमच्यानं भरत नाही. त्याला आधी ताट बदलावं लागेल.

डबा घेताना भागाकार करा. चमच्यातली प्रथिनं भागिले चमच्याचं वजन. ३० ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, चांगलं. ४० ग्रॅमच्या चमच्यात तेवढीच असतील तर बाकी साखर आणि भरताड. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळी घातलेली दिसली तर सावध व्हा. ही स्वस्त अमिनो आम्लं नायट्रोजनच्या चाचणीत प्रथिन म्हणून मोजली जातात. वजन वाढवायला विकली जाणारी मास गेनर पावडर म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून बनवलेलं स्वस्त कर्बोदक. त्यापेक्षा दूध, केळं आणि शेंगदाणे परवडतात. दूध पचत नसेल तर आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेलं व्हे, घ्या. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख हवी.

क्रिएटिन मोनोहायड्रेट ही खरंच काम करणारी, सगळ्यात तपासलेली आणि तुलनेनं स्वस्त पावडर. रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही, कधीही, पाण्यात. पहिला आठवडा २० ग्रॅमचं लोडिंग केलं तर परिणाम लवकर दिसतो. न केलं तर तीन-चार आठवड्यांत तिथेच पोहोचता. वजन एक-दोन किलो वाढेल, ते स्नायूंतलं पाणी. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिन कमी असतं, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना पावडरचं सांगा. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. महागडे नवे प्रकार आणि रंगीत कॅप्सूल सोडून द्या, साधी पांढरी पावडर घ्या.

व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउटच्या डब्यात काम करणारा घटक बहुधा एकच असतो, कॅफिन. किलोमागे ३ मिलिग्रॅम पुरे. ७० किलोला सुमारे २०० मिलिग्रॅम, व्यायामाआधी पाऊण ते एक तास. संध्याकाळी सात वाजता हा डोस घेतलात तर रात्रीची झोप जाईल, आणि गेलेल्या झोपेची भरपाई करणारी पावडर अजून निघालेली नाही. पुरेशी प्रथिनं पोटात जात असतील तर बीसीएए, म्हणजे तीन अमिनो आम्लांची वेगळी पावडर, हे नुसतं चवीचं पाणी. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. ती तपासून घ्या आणि गोळी डॉक्टरांच्या प्रमाणात घ्या, जिममधल्या कोणाच्या नाही.

जिममध्ये हळूच पुढे केली जाणारी मेफेंटरमिनची इंजेक्शनं ही सप्लिमेंट नव्हेत. भूल देताना घसरलेला रक्तदाब चढवायला रुग्णालयात वापरायचं हे औषध आहे. ते टोचून भारी सेट मारायचा म्हणजे दम कोंडल्यानं आधीच चढणारा रक्तदाब आणखी चढवायचा, आणि त्यात हृदय बंद पडू शकतं. तालुक्याच्या स्पर्धेपुरतं म्हणून स्टेरॉइड सुचवणाऱ्या कोचपासूनही चार हात लांब.

स्पर्धेत उतरणार असाल तर आणखी एक काम करा. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत निषिद्ध पदार्थ सापडला तर डब्यात भेसळ होती हे कारण सुटका करत नाही; शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. त्यामुळे इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्या संस्थेनं बॅच तपासलेलाच डबा घ्या, बॅच नंबर त्यांच्या यादीत आहे का ते उघडण्याआधी पाहा, लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि डबा संपत आला की तळाशी दोन चमचे तसेच ठेवून झाकण लावून कपाटात टाका, पुढे तपासायची वेळ आली तर हाताशी असावेत म्हणून.